दंतवैद्याच्या खुर्चीतले मूल



बोनस आणि महागाई भत्ता यांवर आम्ही केव्हाही बोलू. पण मुलांच्या दातांवर बोला असे चिटणिसांनी सांगितले तेव्हा जरा बिचकलोच. आम्ही दंतवैद्य नव्हे. तरी कामगारांच्या बायकामुलांबरोबर दवाखान्यांतील बाकांवर आम्ही पुष्कळ बसलो आहो, आणि जे पाहिले त्याचा अर्थ लावण्यासाठी मागाहून थोडे वाचलेही. तेवढ्याच भांडवलावर बोलतो.

एक सहा वर्षांचा मुलगा. दाढ किडलेली, गाल सुजलेला, दोन रात्री घरात कोणाला झोप नाही. आईने अर्ध्या दिवसाचा खाडा केलेला. घरून निघताना तिने सांगितले होते, "डॉक्टर नुसते बघतील, काही करणार नाहीत." दवाखान्यात दोघांनी हात धरले, एकाने डोके धरले आणि दाढ निघाली. काम पाच मिनिटांचे. पण पुढे वर्षभर न्हाव्याने अंगावर पांढरे फडके टाकले तरी ते पोर किंचाळून उठे.

दोष कोणाचा? डॉक्टरांपुढे रांग होती, आईचा रोज बुडत होता. परंतु खरे नुकसान त्या एका वाक्याने केले, असे आमचे मत आहे. आम्ही मालकांशी करार केले आहेत. ज्याने एकदा शब्द मोडला त्याचा पुढचा खरा शब्दही कामगार मानीत नाहीत. मूल काही निराळे नाही.

अमेरिकेतील ॲडेलस्टन या दंतवैद्याने १९५९ साली एक रीत लिहून मांडली, ती मुलांचे दंतवैद्य आजही शिकतात. आधी सांगा, मग दाखवा, मग करा. हा छोटा ब्रश गोल फिरतो, गुदगुल्या होतात, असे मुलाला सांगायचे. तो त्याच्या नखावर फिरवून दाखवायचा. आणि मग तोच तोंडात घालायचा. गोम आहे ती शेवटच्या पायरीत. दाखविला ब्रश आणि घातला चिमटा, तर आधीच्या दोन पायऱ्या फसवणुकीच्याच ठरतात.

तसाच दुसरा करार हाताचा. "डावा हात वर केलास की मी थांबेन." मूल एकदोनदा विनाकारण हात वर करते. (आमच्या भाषेत हा लाक्षणिक संप!) त्या वेळी डॉक्टर खरोखर थांबले पाहिजेत, तेथेच विश्वास बसतो.

"मुळीच दुखणार नाही" असेही कोणी म्हणू नये. सुईआधी हिरडीला बधिर करणारे मलम लावतात. तेव्हा "पाच मोजेपर्यंत चिमटल्यासारखे वाटेल" एवढे खरे आणि पुरेसे. नंतर ओठ दोनतीन तास बधिर राहतो आणि मूल गंमत म्हणून तो चावून रक्तबंबाळ करते, हे आईला सांगायला हवे. अगदी तान्ह्या मुलांशी करार होत नाही. त्यांच्यासाठी आई आणि डॉक्टर गुडघ्याला गुडघा लावून समोरासमोर बसतात. मूल आईच्या मांडीवर, डोके डॉक्टरांच्या. ते रडते. रडू द्यावे, तोंड आपोआप उघडते!

मात्र हे सारे ठणका लागण्याआधी हवे. सुजलेल्या गालाला ब्रशची गंमत कोण दाखविणार? दुधाचे दात पडणारच, असे आपण म्हणतो. पण मागच्या दुधाच्या दाढा दहाबारा वर्षांपर्यंत कामाला लागतात, आणि सहाव्या वर्षी त्यांच्या मागे येणारी दाढ तर कायमची असते. पहिल्या वाढदिवसापर्यंत मूल एकदा दाखवावे, असे दंतवैद्य सांगतात. परंतु न दुखणाऱ्या दातासाठी रोजावरची बाई रोज कसा बुडविणार? म्हणून आमची मागणी अशी की मुलांचा दंतविभाग संध्याकाळी आणि सुटीच्या दिवशी उघडा ठेवावा, आणि डॉक्टरांनी बालवाडीत जाऊन नुसता आरसा तरी मुलांच्या हाती द्यावा.

तो मुलगा पुढे दुसऱ्या एका डॉक्टरीणबाईंकडे गेला. पहिल्या दिवशी बाईंनी त्याचे दात फक्त मोजले. दुसऱ्या खेपेस त्याने तीनदा हात वर केला, बाई तिन्ही वेळा थांबल्या. चौथ्यांदा हात वर करायचे तो विसरला आणि दाढ भरून झाली. आईचे मात्र त्या दोन खेपांत दोन अर्धे खाडे पडले.