कोकणच्या नद्यांना मुक्कामी अभ्यासक हवा



परिषदेच्या स्वागताध्यक्षाने निधी जमवायचा, जेवणाखाणाची सोय बघायची आणि भाषण आटोपते घ्यायचे, अशी रीत आहे. पहिली दोन कामे झाली. तिसऱ्यात थोडी सवलत घेतो.

आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात काही वाड्यांवर टँकर जातो. इथल्या प्रत्येक भाषणात हे येतेच. कारणही सगळ्यांना पाठ आहे: सह्याद्री ते समुद्र अंतर थोडे, उतार तीव्र, खाली जांभा. पण कुठल्या सड्यावर मुरलेले पाणी कुठल्या झऱ्याला, किती दिवसांनी येते, हे एका गावापुरते विचारले तरी मोजून सांगणारा माणूस मिळणे कठीण.

चिपळूणचेच घ्या. 22 जुलै 2021 रोजी वाशिष्ठी आणि शिव नदीचे पाणी शहरात घुसले. वर अतिवृष्टी, खाली खाडीला भरती आणि मधे बाजारपेठ. त्यातून वाशिष्ठी ही काही साधी नदी नाही. एरवी कृष्णेला मिळाले असते ते कोयनेचे पाणी वीज करून याच नदीत उतरते. कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादाने त्याला वर्षाला 67.5 टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. पाऊस, भरती, गाळ, वीजनिर्मितीचे अवजल यांत कोणाचा वाटा किती, यावर चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत वाद झाले. निळ्या आणि लाल पूररेषा आखल्या जातात तेव्हा कोणाच्या जागेवर घर उठणार आणि कोणाच्या नाही, हे ठरत असते. अशा रेषेमागची मोजणी पुरानंतरच्या दोन दिवसांच्या पाहणीतून येऊ नये, एवढेच आमचे म्हणणे.

मुक्काम करून मोजण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. मुंबई इलाख्यात 1916 साली पाटबंधाऱ्यांसाठी एक छोटा संशोधन विभाग निघाला. त्याचेच पुढे खडकवासल्याचे केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र झाले. अभियंते क्लॉड इंग्लिस यांनी उमेदीची वर्षे या कामात, इथल्या कालव्यांवर आणि नद्यांवर घालवली. पुढे ब्रिटनने 1947 मध्ये स्वतःची जलगतिकी संशोधन संस्था काढली, तेव्हा संचालक म्हणून त्यांनाच नेले. आपल्या पाटांवर हात बसलेला माणूस तिकडे उपयोगी पडला, याचे मला फार अप्रूप वाटते.

इथल्या नद्यांकडे न वळणाऱ्या तरुण संशोधकांची अडचण मी समजू शकतो. गंगेवर, ब्रह्मपुत्रेवर लिहिले तर जग वाचते. जगबुडी, शास्त्री, काजळी, मुचकुंदी ही नावे परीक्षकाला नकाशावर शोधावी लागतात. तरीही तुमच्यापैकी एखाद्याने यातली एक नदी आयुष्यभरासाठी धरावी. श्रावणात यावे, वैशाखातही यावे. दिवाळीनंतर पऱ्यावर बंधारा घालणारा शेतकरी आणि खारबंधाऱ्याची उघाडी सांभाळणारा माणूस यांच्याशी बोलावे. शोधनिबंधात नाही, तरी ऋणनिर्देशात त्यांची नावे यावीत.

पर्जन्यमापक आणि पाणीपातळीची पट्टी रोज वाचायला आमच्या गावांत मुले मिळतील. त्या आकड्यांचे पुढे काय झाले, हे सांगायला मात्र तुम्ही परत यायला हवे.

उद्या मिऱ्याचा धूपप्रतिबंधक बंधारा पाहायचा आहे. ओहोटी गाठायची असल्याने बस सकाळी साडेसातला सुटेल आणि कोणासाठीही थांबणार नाही. आता अध्यक्षांनी परिषदेची सूत्रे हाती घ्यावीत, ही विनंती.