एक पडदा, चोवीस मैदानें

जत्रेंतील कुस्त्यांच्या फडांत एकाच वेळीं चार जोड्या झुंजत असतात. प्रेक्षकाची नजर एका जोडीवर खिळलेली असतां पलीकडे गलका उठतो. तो मान वळवितो, तोंच इकडचा मल्ल चीत झालेला असतो! इ. स. २०१२ मध्यें लंडन येथें ऑलिंपिक सामने भरले, तेव्हां हीच अडचण बी. बी. सी. च्या योजकांपुढें पर्वताएवढी होऊन उभी राहिली. खेळ २६, स्पर्धा ३०२. एरवीं टेलिव्हिजनवर काय दाखवावें हें संपादक ठरवी, आणि तिरंदाजीचा रसिक मन मारून पोहण्याच्या शर्यती पाहात बसे. या खेपेस इंटरनेटवर एकाच वेळीं २४ पर्यंत थेट प्रक्षेपणें खुलीं करण्यांत आलीं.

पण चोवीस दारें उघडलीं म्हणजे पाहुण्याला घर सांपडलें असें नव्हे. म्हणून व्हिडिओ प्लेअरमध्येंच सर्व प्रक्षेपणांची निवड ठेवण्यांत आली; शिवाय महत्त्वाच्या क्षणांच्या खुणा केल्या, कीं उशिरां आलेल्यानें खेळ चालू असतांच मागें जाऊन तो क्षण गांठावा. पुस्तकाला अनुक्रमणिका असते, तसेंच हें. त्या वर्षींच्या ४ ऑगस्टची सायंकाळ आठवली म्हणजे या सोयीचें मोल कळतें. लांब उडी चालू असतांच जेसिका एनिस हिची शेवटची शर्यत झाली, आणि तासाभराच्या आंत एनिस, ग्रेग रदरफोर्ड व मो फॅरा या तिघांनीं एकाच क्रीडांगणावर सुवर्णपदकें मिळविलीं.

खरी मेख मात्र पुढेंच आहे. इंटरनेटवरील चित्र कांहीं सेकंदांचे तुकडे करून पाठवितात. प्रत्येक तुकडा निरनिराळ्या दर्जांचा तयार असतो. जोडणी मंदावली कीं प्लेअर हलक्या दर्जाचा तुकडा मागवितो. थोडा सांठा हाताशीं ठेवूनच चित्र सुरू होतें. त्यामुळें प्रत्यक्ष घटनेच्या मागें तें कित्येक सेकंद, कधीं अर्धें मिनिटहि, राहतें. निकालाचीं अक्षरें मात्र क्षणांत पोंचतात! धावणारा अजून वळणावर, आणि कडेच्या चौकटींत त्याचें पदक जाहीर. कुतूहलाचा असा गळा घोटणें याला सेवा म्हणणें कठीण आहे. कुशल योजक निकालाची वार्ता चित्राच्या घड्याळाशीं बांधतो, आणि पलीकडे अंतिम फेरी सुरू होत आहे एवढेंच सुचवितो. जिंकलें कोण, हें प्रेक्षकानें विचारल्यावांचून सांगत नाहीं. मुष्टियुद्धांत रंगलेल्या आजोबांना सायकलींची वार्ता नको असेल, तर ती सूचना बंद करण्याचें बटण त्यांच्या बोटाला सहज सांपडेल एवढें मोठें हवें.