गहाणखत की खरेदीखत?
(न्यासाच्या महोत्सवी समारंभात दिलेले भाषण)



आनंदाच्या प्रसंगी सावकारीचा विषय काढणे काहींना रुचणार नाही. परंतु कुटुंबांच्या अडीनडीला धावून जाण्यासाठीच हा न्यास उभा आहे, म्हणून थोडे स्पष्ट बोलतो.

लग्न, आजारपण किंवा व्यापारातील खोट यांपायी माणसाला तातडीने पैसा लागतो. बँकेला वेळ लागतो. खाजगी देणारा म्हणतो, "पैसे आजच न्या; फक्त घराचे खरेदीखत करून द्या. फेड झाली की घर पुन्हा तुमच्या नावावर करतो." घेणाऱ्याच्या मनात ते गहाण असते, कागदावर मात्र ती विक्री असते. जागेचे भाव चढल्यापासून काही देणाऱ्यांना व्याजापेक्षा ती जागाच अधिक हवी असते.

या दोन कागदांतील अंतर फार मोठे आहे. साध्या गहाणात घर मालकाचेच राहते. कर्ज थकले तर धनकोला कोर्टात जावे लागते, आणि लिलाव झालाच तर देणे वळते होऊन उरलेली रक्कम मालकाला मिळते. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे गहाण सोडविण्याचा दावा 30 वर्षांपर्यंत करता येतो. खरेदीखतात यांपैकी काहीच नाही.

१८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात सशर्त विक्रीच्या रूपाने गहाण ठेवण्याचा प्रकार आहे. परंतु १९२९ च्या दुरुस्तीनंतर घर परत देण्याची अट त्याच दस्तऐवजात लिहिलेली असावी लागते. ती निराळ्या कागदावर असेल, तर तो व्यवहार गहाण मानला जात नाही. मग निराळ्या करारातील मुदत टळली, की घर गेलेच समजावे.

व्याजाचाही हिशेब पाहा. 5 लाख रुपयांवर दरमहा शेकडा 3 म्हणजे महिन्याला 15,000 रुपये. 33 महिन्यांत 4,95,000 रुपये नुसत्या व्याजाचे होतात, आणि मुद्दल जागच्या जागी राहते. आपल्याकडील जुन्या दामदुपटीच्या नियमाने व्याजाची थकबाकी मुद्दलापेक्षा अधिक मागता येत नसे. कुराणातही मुदतीचे कर्ज लिहून ठेवावे आणि साक्षीदार घ्यावेत, अशी आज्ञा आहे. देणारा आणि घेणारा दोघांचाही मान राहावा, हाच दोन्हींचा हेतू.

इतिहासही हेच शिकवितो. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे रयत सावकारांविरुद्ध उठली, तेव्हा तिचा रोख मुख्यतः कर्जाच्या कागदांवर होता. पुढे १८७९ साली पुणे, सातारा, सोलापूर आणि अहमदनगर या चार जिल्ह्यांसाठी कायदा झाला, आणि न्यायाधीशांना कागदापलीकडे जाऊन कर्जाचा मूळ व्यवहार तपासण्याचा अधिकार मिळाला. तो कायदा आज नाही. आज आपली सही हीच आपली बाजू होय.

म्हणून चार गोष्टी ध्यानात धराव्यात. कर्जासाठी खरेदीखत कधीही करून देऊ नये; गहाणखतच करावे, दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात आणि ते नोंदवावे. रक्कम बँकेमार्फत घ्यावी आणि फेडावी, म्हणजे प्रत्येक रुपयाचा पुरावा राहतो. कोऱ्या कागदावर सही करू नये. आणि फेड पूर्ण होताच गहाण सुटल्याचा दस्त नोंदवून मूळ कागद परत आणावेत.

जे सभासद पैसे देतात, त्यांनाही विनंती आहे. सावकारीचा परवाना नसेल तर तो धंदा करू नये. शेजाऱ्याला मदत केली असेल तर तिला मदतच म्हणावे. त्याच्या घरावर डोळा ठेवू नये.

शाळेत पालक असे कागद वाचून घेण्यासाठी माझ्याकडे आणतात. बहुधा सही झाल्यानंतर आणतात. महिन्यातून एक संध्याकाळ या सभागृहात एखादा जाणता वकील बसला आणि सहीपूर्वी कागद वाचून देऊ लागला, तर कित्येक घरे वाचतील. विश्वस्तांनी या सूचनेचा अवश्य विचार करावा.