शोधनिबंधाचे वजन: महाड, गडचिरोली आणि यवतमाळ

वैद्यकीय संशोधकाच्या कामाची मोजदाद आज तीन आकड्यांत होते: छापून आलेले शोधनिबंध, इतर संशोधकांनी त्यांचा घेतलेला संदर्भ म्हणजे सायटेशन, आणि या दोहोंवरून काढलेला एच-इंडेक्स. सायटेशनच्या सूचीची कल्पना यूजीन गारफील्ड यांनी १९५५ मध्ये मांडली आणि १९६४ मध्ये त्यांची सायन्स सायटेशन इंडेक्स निघाली. एखादा विचार एका निबंधातून दुसऱ्यात कसा गेला याचा माग लागावा, एवढाच तिचा मूळ हेतू. नेमणूक आणि बढती तिच्यावरून ठरवण्याची प्रथा नंतर पडली. एच-इंडेक्स २००५ चा, जॉर्ज हिर्श या भौतिकशास्त्रज्ञाने सुचवलेला. ज्याच्या १० निबंधांना प्रत्येकी किमान १० सायटेशन, त्याचा एच-इंडेक्स १०. ज्याचे निबंध तीनच, पण प्रत्येकाला हजार सायटेशन, त्याचा मात्र ३.

या हिशेबात काय निसटते ते डॉ. हिंमतराव बावस्कर यांच्या कामावरून कळते. जालना जिल्ह्यातील देहेडचे, नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकलेले बावस्कर १९७६ मध्ये महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. कोकणातला लाल विंचू चावला की धडधाकट माणूस काही तासांत फुप्फुसात पाणी भरून दगावत असे. बावस्करांनी रुग्णांच्या उशाशी बसून लक्षणे टिपली. आधी उलटी, दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, वाढलेला रक्तदाब आणि मग हृदयावर येणारा ताण. हा क्रम १९८२ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये छापून आला. विषामुळे शरीरात ॲड्रिनॅलिनसारख्या द्रव्यांचा लोट उसळतो. तो थोपवायला रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी, स्वस्त गोळी चालते, हे त्यांनी १९८६ च्या निबंधात दाखवले. पत्नी डॉ. प्रमोदिनी यांच्यासह केलेली प्राझोसिन आणि विंचवाच्या विषावरील प्रतिविषाची ७० रुग्णांवरील चाचणी २०११ मध्ये ‘बीएमजे’ने छापली. गंभीर दंशातला मृत्युदर सुमारे ४० टक्क्यांवरून १ टक्क्यापर्यंत उतरला.

जगाच्या मोजपट्टीवर विंचूदंश हा लहानसा विषय आहे. ज्या देशांत प्रयोगशाळा आणि नियतकालिके अधिक, तिथे हा विंचू नाही. कर्करोगाच्या जनुकांवर हजारो लोक लिहितात, एकमेकांचे संदर्भ देतात. लाल विंचवावर लिहिणारे मूठभर. शिवाय रात्री दोन वाजता आरोग्य केंद्रात आलेल्या मुलाला प्राझोसिन देणारा डॉक्टर निबंध लिहीत नाही. तो त्या निबंधाचा सर्वांत महत्त्वाचा वाचक, पण सायटेशनमध्ये त्याची गणती शून्य.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या बाबतीत सायटेशन आणि प्रत्यक्ष परिणाम ही दोन्ही मापे जुळली. गडचिरोलीत ३९ गावांत, गावातल्याच बायांना शिकवून, नवजात बाळांची घरोघर काळजी घेतली गेली आणि नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. १९९९ मधला ‘लॅन्सेट’चा तो निबंध जगभर उद्धृत झाला. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नवजात बाळासाठी गृहभेटींची शिफारस केली, आणि २०११ पासून भारतात गावोगावच्या आशा सेविकांमार्फत ही योजना लागू झाली. यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी-जामणी किंवा घाटंजी तालुक्यात बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी जाऊन बाळाचे वजन करणारी आशा हा त्या निबंधाचा खरा प्रभाव. तो कोणत्याही सूचीत सापडत नाही.

म्हणून सायटेशन निरुपयोगी ठरत नाही. निबंध छापला नसता तर बिरवाडीचा अनुभव बिरवाडीतच राहिला असता. केवळ बढतीसाठी पैसे भरून कुठल्याही नियतकालिकात छापलेल्या निबंधांचे मोल मात्र काहीच नाही. २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत आखलेला जाहीरनामाही नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून, म्हणजे त्यातल्या निबंधांना मिळणाऱ्या सरासरी सायटेशनवरून, संशोधकाची पारख करू नये, असेच सांगतो.

यवतमाळला हा प्रश्न अगदी जवळचा आहे. २०१७ च्या खरिपात पऱ्हाटीवर कीटकनाशकांची फवारणी करताना शेकडो शेतकरी आणि मजूर विषबाधेने रुग्णालयांत आले. सुमारे २० जण दगावले. फवारलेल्या काही औषधांवर उताराच नव्हता, आणि अनेकदा रुग्णाच्या अंगात नेमके कोणते मिश्रण गेले हेही कळत नव्हते. त्या वॉर्डांत जे डॉक्टरांनी पाहिले, ते जगात फार थोड्यांनी पाहिले असेल. बिरवाडीच्या एका डॉक्टरने जे केले, ते इथल्या डॉक्टरांनाही करता येईल. येत्या फवारणीच्या हंगामापासून प्रत्येक रुग्णाच्या केसपेपरवर फवारलेल्या औषधाचे नाव, मिश्रण, फवारणीचे तास, लक्षणे सुरू झाल्याची वेळ आणि दिलेला उपचार लिहिला जावा, आणि आर्णी, वणी, पांढरकवडा, पुसद इथल्या नोंदी एकत्र करून छापल्या जाव्यात.