मातीखालचा डोंगर

जळगाव जिल्ह्यात चांगदेव येथे तापी आणि पूर्णा या दोन नद्यांचा संगम आहे. तेथून उत्तरेकडे गेले की सातपुडा लागतो, दक्षिणेकडे गेले की अजिंठ्याच्या रांगा लागतात. आणि या दोहोंच्या मध्ये काय आहे? मध्ये आहे ताटासारखे सपाट रान. केळीच्या बागा, कपाशी, ज्वारी. मैल दोन मैल चालत गेले तरी पायाला चढ म्हणून जाणवत नाही. वर जमीन अशी सपाट दिसली, की आपल्या मनात सहजच येते, खालीही ती तशीच असेल. आज मला तुम्हांला सांगायचे आहे ते हे, की खाली ती तशी नाही. या गाळाच्या मातीखाली काळ्या फत्तराचे उंचवटे आहेत, घळी आहेत, उतार आहेत. ते कुणाच्या डोळ्यांना दिसत नाहीत. पण आपल्या विहिरींचे बरेवाईट पुष्कळसे तेच ठरवतात.

हे मी पुस्तकातून शिकलो खरा, पण त्याची पहिली ओळख मला झाली ती आजोळी. माझे आजोळ तापीच्या दक्षिण तीरावर. मी शाळकरी पोर असताना, म्हणजे १९९० च्या सुमारास, मामांनी तेथे विहीर खणायला घेतली. एक बैलजोडी विकली, वर थोडे कर्ज काढले. पाणाड्याने नारळ हातात धरून जागा दाखवली. काम सुरू झाले. आधी काळी माती निघाली, मग चुनखडीचे खडे असलेली पिवळी चिकण माती, मग थोडी ओलसर वाळू. वाळू लागली तेव्हा मामांनी सगळ्यांना गूळ वाटला. आणि दुसऱ्याच दिवशी, साठ फुटांवर, पहार टणकन वाजली. खाली अखंड काळा फत्तर! सुरुंग लावून आणखी पंधरा फूट फोडले, तेव्हा कुठे हातभर पाणी साचू लागले. हाकेच्या अंतरावर शेजाऱ्याची विहीर मात्र वाळूतच होती आणि मोटर दिवसभर चालली तरी तिचा तळ दिसत नव्हता.

गाव म्हणाले, नशीब. पण विहिरीच्या काठाशी बसलेले एक म्हातारे आबा शांतपणे म्हणाले, "त्या बांधाजवळ माझ्या बापानंही विहीर खणली होती. तिलाही असाच खडक लागला. मग बुजवून टाकली." मामा म्हणाले, "अहो आबा, मग आधी का नाही सांगितलंत?" आबा म्हणाले, "कुणी विचारलं होतं?"

श्रोतेहो, ज्याला आम्ही भूशास्त्राचे लोक तळखडकाचा नकाशा म्हणतो, तो म्हणजे दुसरे तिसरे काही नाही; जे आबांना ठाऊक होते, ते वेळेवर विचारून, मोजून, कागदावर मांडून ठेवणे होय.

आता हा खडक आला कोठून, आणि तो मातीखाली गेला कसा, ते थोडक्यात पाहू. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडून त्यांतून तप्त शिलारस वर आला. तो पसरला, थिजला. त्यावर दुसरा थर आला, तिसरा आला. महाराष्ट्राचा मोठा भाग ज्या काळ्या फत्तराने झाकला आहे, तो हाच. पुढे फार काळाने सातपुड्याच्या पायथ्याशी जमीन भेगाळली आणि दक्षिणेकडची पट्टी खाली खचली. असा एक लांबट खळगा तयार झाला. तापी, पूर्णा आणि डोंगरातून उतरणाऱ्या लहान नद्या यांनी लाखो वर्षे गोटे, वाळू, माती आणून तो खळगा भरत आणला. वरचा गाळ सपाट बसला. खालचा खडक होता तसाच राहिला.

हा खळगा सरळ ठेवलेल्या परातीसारखा नाही, एका अंगाला कलंडलेल्या परातीसारखा आहे. दक्षिणेकडे गाळ पातळ, म्हणून माझ्या मामांना साठ फुटांवर खडक लागला. उत्तरेकडे, सातपुड्याच्या बाजूला, तो जाड होत जातो. तेथे काही ठिकाणी दोनशे मीटर खाली गेले तरी खडकाचा पत्ता लागत नाही. शिवाय परातीचा तळही गुळगुळीत नाही. गाळ साचण्यापूर्वी त्या खडकावरून ओढेनाले वाहत होते, त्यांनी घळी कोरल्या होत्या. त्या घळी आज वाळू-गोट्यांनी भरून मातीआड झाल्या आहेत. अशा बुजलेल्या घळीवर ज्याची विहीर येते तो भाग्यवान म्हणवतो. बुजलेल्या उंचवट्यावर येते तो दैवाला दोष देतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, खडक म्हणजे कोरडाच असे नव्हे. फत्तराच्या माथ्यावर मुरूम झालेला असेल, त्यात भेगा असतील, तर त्यातही पाणी मिळते. अखंड फत्तरात मात्र पहार मोडते आणि माणूसही मोडतो.

या खोऱ्याकडे शास्त्रीय दृष्टीने पाहण्याचे काम जुने आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खाते १८५१ मध्ये सुरू झाले, आणि त्या खात्यातील विल्यम ब्लॅनफर्ड यांनी तापी व खालच्या नर्मदेच्या खोऱ्यांचे वर्णन १८६९ मध्ये प्रसिद्ध केले. त्या काळच्या भूशास्त्रज्ञाची मुख्य साधने म्हणजे पाय, हातोडा आणि नदीने कापून उघड्या केलेल्या दरडी. खडक कोठे वर डोके काढतो आणि कोठे मातीत शिरतो, ती कड त्याने चालत जाऊन आखावी. आजही पहिले काम तेच असते.

पण कडेने फिरून परातीचा मधला भाग कळत नाही. त्यासाठी तीन वाटा आहेत. पहिली वाट म्हणजे विहिरी आणि विंधन विहिरी. यंत्र जमिनीत शिरते तेव्हा वर जो चुरा येतो, तो दर काही फुटांना वेगळा काढून ठेवला, की खालचे थर पानामागून पान उलटावे तसे वाचता येतात. दुसरी वाट विजेची. जमिनीत चार लोखंडी सळया एका ओळीत रोवायच्या. बाहेरच्या दोन सळयांतून वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमध्ये विजेचा दाब मोजायचा. बाहेरच्या सळया जसजशा लांब नेऊ, तसतशी वीज अधिक खोलवर फिरून येते. ओली चिकण माती विजेला सहज वाट देते, अखंड फत्तर अडवतो. तिसरी वाट हादऱ्याची. जमिनीवर घणाचा ठोका द्यायचा आणि त्याची लहर दूर ठेवलेल्या यंत्रांपर्यंत किती वेळात पोहोचते ते मोजायचे. मातीतून ती सावकाश जाते, खडकातून झपाट्याने.

या दोन्ही यंत्रांना फसगतही होते, तेही सांगितले पाहिजे. पूर्णेच्या खोऱ्यात अकोला, अमरावती, बुलढाणा या जिल्ह्यांत खारपाणपट्टा आहे. तेथे जमिनीखालचे पाणी खारट. एके काळी तेथील खोल विहिरींच्या पाण्यापासून मीठही काढीत. खाऱ्या पाण्याने भिजलेली वाळू विजेला इतकी सहज वाट देते, की यंत्राला ती चिकण मातीसारखीच भासते. म्हणून यंत्राने सांगितले ते जवळच्या खऱ्याखुऱ्या विहिरीशी ताडून पाहावे लागते. डॉक्टर नुसत्या नाडीवर निदान करीत नाही, रोग्याला चार प्रश्नही विचारतो, तसेच हे.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा नकाशा कसा काढतात ते वर्गात दाखवणे अगदी सोपे आहे. एक परात घ्या. तिच्यात पाचसात ओबडधोबड दगड मुलांना न दाखवता मांडा. वर कोरडी वाळू ओता आणि फळीने सपाट करा. आता मुलांना सांगा, दर दोन बोटांवर एक दाभण सरळ खाली खुपसा. ते कोठे अडले ते पट्टीने मोजा आणि चौकटीच्या कागदावर त्या त्या जागी आकडा लिहा. सगळे आकडे लिहून झाले, की सारख्या आकड्यांमधून रेघ ओढा. बघता बघता कागदावर दगडांचे आकार उमटतील. मग वाळू काढून पडताळा घ्या. मुलांना जो आनंद होईल तो मी सांगायला नको. दाभण म्हणजे विहीर, आणि ती रेघ म्हणजे तळखडकाची समउंचीरेषा. एवढेच शास्त्र.

यात एक काळजी घ्यावी लागते. परातीतली वाळू सपाट असते, शिवार तसे अगदी सपाट नसते. असे समजा, एका विहिरीच्या जागी जमीन समुद्रसपाटीपासून २१५ मीटर उंच आहे आणि खडक २० मीटरवर लागला. म्हणजे खडकाचा माथा १९५ मीटरवर. दुसरीकडे जमीन २१० मीटर आणि खडक ४५ मीटरवर. म्हणजे माथा १६५ मीटरवर. दोन विहिरींमध्ये जमीन उतरली पाचच मीटर, पण खालचा खडक उतरला तीस मीटर! नुसती खोली लिहून भागत नाही, ती जमिनीच्या उंचीतून वजा करावी लागते. तिसरीच्या मुलाला येणारी ही वजाबाकी आहे, पण ती न केल्यामुळे नकाशे चुकतात.

आणखी एक. परातीत दर दोन बोटांवर दाभण घालता येते. शिवारात दोन विहिरींमध्ये पुष्कळ जागा मोकळी राहते. तेथे खडक कसा असेल, हा अंदाजच असतो. म्हणून जेथे पुरावा आहे तेथे भूशास्त्रज्ञ सलग रेघ काढतो, आणि जेथे अंदाज आहे तेथे तुटक. नकाशावरची तुटक रेघ ही प्रामाणिक माणसाची खूण समजावी. जो तुम्हांला छातीठोकपणे सांगतो, अमुकच फुटांवर पाणी लागेल, त्याला आधी विचारा, आजूबाजूच्या किती विहिरींची नोंद तुमच्यापाशी आहे?

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला? विंधन यंत्र आणावे, खोल जावे, पाणी लागले तर ठीक. हेच आपण गेली कित्येक वर्षे करीत आलो. रावेर आणि यावल तालुक्यांत केळीच्या बागा जमिनीखालच्या पाण्यावर उभ्या आहेत. तेथे दरवर्षी मुरते त्याहून अधिक पाणी उपसले जात असल्याचे सरकारी भूजल मोजणीत पुन्हा पुन्हा आढळले आहे. पाणी खाली गेले की शेतकरी पाइप खाली सोडतो. शेजारी त्याच्याही खाली सोडतो. ही शर्यत कोणीच जिंकत नाही, कारण पाणी धरून ठेवणाऱ्या त्या खळग्याला तळ आहे.

मग उपाय? उपशाला आवर घालणे आणि पाणी मुरवणे. मुरवायचे कोठे, हे पुन्हा नकाशाच सांगतो. सुकी, मोर यांसारख्या नद्या सातपुडा सोडून मैदानात उतरतात तेथे पायथ्याशी गोट्या-वाळूचे जाड थर आहेत. त्यांत पाणी झपाट्याने मुरते आणि मैदानाकडे सरकते. तेच पाणी चिकण मातीच्या थरावर अडवले, तर ते वैशाखापर्यंत उन्हाने उडून जाईल. २०२५ मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र या दोन राज्यांनी तापी खोऱ्यातील पुनर्भरणाच्या मोठ्या योजनेसाठी करार केला. अशा योजनेचे यश सिमेंटवर जेवढे, तेवढेच खालचे थर नीट ओळखण्यावर अवलंबून राहणार.

सरकारी खात्यांपाशी यंत्रे आहेत, जाणकार माणसे आहेत. पण गावातल्या प्रत्येक विहिरीच्या काठाशी ती माणसे उभी राहू शकत नाहीत. तेथे तुम्ही असता. म्हणून माझी एक विनंती आहे. प्रत्येक शाळेत एक जाड वही ठेवावी आणि तिला विहिरींची वही म्हणावे. दर विहिरीला एक पान. पानावर चार गोष्टी असाव्यात : विहीर कोणत्या गटात, कोणत्या बांधाजवळ, किती फुटांपर्यंत कोणती माती, वाळू, मुरूम लागला आणि खडक कोठे लागला, पाणी प्रथम कोठे दिसले आणि ते गोडे की खारे, आणि दर वर्षी वैशाखात व दिवाळीत पाणी किती खाली आहे. शास्त्रीय नावे येत नसली तरी बिघडत नाही. 'पिवळी चिकण, आत पांढरे खडे' एवढे लिहिले तरी मला पुरे.

ज्या विहिरी आटल्या, ज्या बुजवल्या, त्यांना मात्र विसरू नका. पाणी लागलेल्या विहिरीची आठवण गाव ठेवतेच. फसलेल्या विहिरीची आठवण आपण लाजेने पुसून टाकतो, आणि मग पुढचा माणूस त्याच उंचवट्यावर बैल विकून पुन्हा खणतो. नकाशा काढणाऱ्याला फसलेली विहीर भरलेल्या विहिरीइतकीच मोलाची असते. खडकाचा माथा तिनेच तर दाखवलेला असतो.

माझे मामा आता थकले आहेत. ती विहीर अजून आहे. पावसाळ्यात तिच्यात थोडे पाणी असते. तिच्या खडकाची खोली मी माझ्या नकाशावर पहिल्या ठिपक्याने नोंदवली आहे. आबांच्या वडिलांच्या विहिरीचा ठिपका मात्र तेथे नाही. मला विचारण्याची बुद्धी झाली, तोवर आबा राहिले नव्हते, आणि ती जागा नेमकी दाखवील असा दुसरा कोणी गावात नव्हता.

तुमच्या गावातही असे एखादे आबा असतील, एखाद्या आजी असतील. आज संध्याकाळी पारावर जा, ओसरीवर जा, आणि त्यांना विचारा. वही आणि पेन्सिल तेवढी बरोबर असू द्या.