जुना संगणक, नवी चावी



मागच्या टेबलावर सहा डेस्कटॉप ठेवलेत, ते तुम्ही येताना पाहिले असतील. एका कार्यालयाने नवे संगणक घेतले आणि हे जुने आपल्या अभ्यासिकेला दिले. आल्यापासून दोन जणांनी मला एकच सल्ला दिला, "दुकानात नेऊन टाक, पाचशे रुपयांत तो विंडोज, ऑफिस, फोटोशॉप सगळं भरून देतो." मला आज या पाचशे रुपयांबद्दलच बोलायचं आहे, मग आपण पेचकस हातात घेऊ.

दुकानदार भरून देतो ते काय असतं? विंडोजची प्रत आणि तिला "असली" भासवणारा एक छोटा प्रोग्राम, ज्याला आपण क्रॅक म्हणतो. तो चालवण्याआधी काय करायला सांगतात, आठवा. अँटिव्हायरस बंद करा. म्हणजे कोणी लिहिला हे माहीत नसलेला प्रोग्राम आपण पहारेकऱ्याला झोपवून, घराच्या सगळ्या किल्ल्या देऊन आत घेतो. त्यात काही वाईट असेलच असं नाही, पण नसल्याची खात्री देणारं कोणी नाही. आणि या संगणकावर होणार काय आहे? शिष्यवृत्तीचे अर्ज, आधारचे स्कॅन, बँक पासबुकाचा फोटो, कोणाच्या तरी अम्मीच्या मोबाइलवर आलेला ओटीपी. गेम खेळायच्या मशिनवर मी एवढा वाद घातला नसता.

कायद्याचंही सांगतो. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ६३-ब प्रमाणे सॉफ्टवेअरची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणं हा गुन्हा आहे. किमान सात दिवस ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड. वापर धंद्यासाठी नसेल तर न्यायालय कैद टाळून पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकतं. सगळेच वापरतात हे खरं आहे. पण सार्वजनिक जागा चालवणाऱ्याने, त्यातही आपल्यासारख्यांनी, कागद स्वच्छ ठेवलेले बरे. एवढं सांगून पुढे जातो.

मग असली विंडोज का नाही? सहापैकी पाच मशिन जुन्या आहेत, चौथ्या आणि सहाव्या पिढीच्या आय-फाइव्ह प्रोसेसरच्या. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीचा किंवा नंतरचा. आपल्याकडची सहावी मशिन तशी आहे. अशा ऑफिसच्या मशिनमध्ये विंडोजची चावी बऱ्याचदा मदरबोर्डमध्येच साठवलेली असते, त्यामुळे तिच्यावर विंडोज ठेवता येईल. ठेवायलाच हवी, कारण टॅली शिकणारी मुलं येतील आणि टॅली विंडोजवरच चालतं. फोटोशॉप आणि कोरलड्रॉचीही लिनक्ससाठी अधिकृत आवृत्ती नाही. लिनक्सवर सगळं मिळतं असं सांगणारा माणूस अर्धवट सांगत असतो.

बाकी पाचांवर लिनक्स मिंट. १९९१ साली फिनलंडमधल्या लिनस टॉरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने लिनक्सचं बीज टाकलं. त्याआधी १९८३ साली रिचर्ड स्टॉलमनने मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ सुरू केली होती. प्रोग्राम वापरा, आतून पाहा, बदला, वाटा, अशी परवानगीच तिथे लेखी दिलेली असते. केरळच्या सरकारी शाळांतली मुलं वर्षानुवर्षं याच्यावर शिकत आहेत. मिंटच्या २२ मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळणार आहेत. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस आधीच बसवलेलं येतं.

आता प्रत्यक्ष काम. आधी वायर काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, मग पत्रा उघडा आणि कॅबिनेटच्या धातूला एकदा हात लावा. धूळ ब्रशने आणि हवेने काढायची, ओल्या फडक्याने नाही. रॅमची पट्टी काढून तिच्या सोनेरी कडेवर खोडरबर फिरवा, पुसा, परत बसवा. "मशिन मेली" म्हणून टाकलेल्या कितीतरी मशिन एवढ्यावर उठतात. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल दिसेल, सीआर२०३२. जुन्या मशिनचा तो बदलाच. सेल संपला की प्रत्येक वेळी तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सरकारी साइटसुद्धा "असुरक्षित" म्हणून उघडत नाही. लोक दोष इंटरनेटला देतात.

खर्च करायचाच तर एसएसडीवर करा. जुन्या हार्डडिस्कच्या जागी २४० किंवा २५६ जीबीची एसएसडी बसवली की तीच मशिन वेगळी वाटते, प्रोसेसर बदलून एवढा फरक पडत नाही. काढलेल्या हार्डडिस्क भंगारात देऊ नका. त्यात त्या कार्यालयातल्या माणसांचे कागद आहेत. फाइल डिलीट केली किंवा साधं फॉरमॅट केलं तरी ते परत काढता येतात. मिंटमध्ये डिस्क्स नावाचं साधन आहे, त्यातून पूर्ण डिस्कवर शून्य लिहून घ्यायचं. तासनतास लागतात, रात्री लावून ठेवू. ही अमानत आहे.

मिंटची फाइल अधिकृत साइटवरूनच उतरवा. सोबत चेकसम नावाचा लांबलचक आकडा दिलेला असतो, तो आपल्या फाइलच्या आकड्याशी जुळवा. २०१६ साली मिंटच्याच साइटवर हल्ला होऊन काही काळ लोकांना बिघडवलेली फाइल मिळत होती, म्हणून हे पाच मिनिटांचं काम टाळू नका. मग ती पेनड्राइव्हवर लिहायची, ८ जीबीचा पुरतो, त्यातलं जुनं सगळं पुसलं जातं. मशिन सुरू होताना बूट मेनूचं बटण दाबायचं, बऱ्याच मशिनवर एफ१२, काहींवर एफ९. इन्स्टॉल न करता मिंट आधी पेनड्राइव्हवरूनच चालवून बघा. आवाज येतो का, वायफाय दिसतं का, प्रिंटर ओळखतो का. सगळं ठीक असेल तरच इन्स्टॉलवर क्लिक करा. "डिस्क पुसा" म्हणेल तेव्हा कुठली डिस्क ते दोनदा वाचा.

आता भाषा, जी आपल्या अभ्यासिकेत नाजूक गोष्ट आहे. इथे मराठी माध्यमाचीही मुलं येतात, उर्दू माध्यमाचीही. एकाच मशिनवर दोन्ही कीबोर्ड बसवायचे. मराठीसाठी इनस्क्रिप्ट. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं, आणि तोच आराखडा हिंदी, गुजराती, कन्नडलाही चालतो. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय लवकर लागते, पण वेग इनस्क्रिप्टमध्ये आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली मराठी दुसरीकडे चिकटवली की कचरा दिसतो, युनिकोडमध्ये तसं होत नाही. उर्दूसाठी फोनेटिक कीबोर्ड घ्या आणि नोटो नस्तालीक फॉन्ट निवडा, नाहीतर उर्दू नस्ख वळणात दिसते आणि मुलं म्हणतात ही आमच्या पुस्तकातली उर्दू नाही. बरोबर म्हणतात. लिब्रेऑफिसच्या भाषेच्या सेटिंगमध्ये उजवीकडून डावीकडे लिहायची सोय चालू करा. नस्तालीकला ओळींत जास्त जागा लागते, अर्ज छापताना ते लक्षात ठेवा.

शेवटची गोष्ट खात्यांची, आणि इथे मी थोडा हट्टी आहे. प्रत्येक मशिनवर एक अ‍ॅडमिन खातं आणि बाकी साधी खाती. मिंटमध्ये पाहुण्यांचं सत्रही चालू करता येतं, लॉगआउट केलं की त्यातल्या फाइली पुसल्या जातात. अर्ज भरायला आलेल्या मुलीने तेच वापरावं. सायबर कॅफेत आपला फोटो आणि आधार मागे राहतो, या भीतीने किती मुली भावाच्या हातात कागद देऊन घरी बसतात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. म्हणून अ‍ॅडमिनचा पासवर्ड तिघांकडे राहील आणि त्यांपैकी दोघी मुली असतील. मुलग्यांपैकी कोणाला हरकत असेल तर आत्ता सांगा, नंतर नाही.

चला. रॅमच्या चार सुट्या पट्ट्याही मिळाल्यात. डीडीआर३ आणि डीडीआर४ ची खाच वेगळ्या जागी असते, बसत नसेल तर जोर लावू नका, दुसरी मशिन बघा. पहिल्या दोन मशिन मुली उघडतील.