कानाला एकच, लिहिताना दोन



रामबाग, सुदामानगर भागातली आपली इंदूरची मुलं घरी छान मराठी बोलतात. वहीत मात्र लिहितात, ‘मी जेऊन शाळेत जावून आलो.’ याला निष्काळजीपणा म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. ‘जेवून’ आणि ‘जाऊन’ मोठ्यानं म्हणून पाहा. शेवट कानाला एकच. लिहिताना एकात ‘वू’, दुसऱ्यात ‘ऊ’.

छापील मराठी रोज डोळ्यांखालून जात असलेल्या पुण्यातही ‘येवून’ लिहिणारे कमी नाहीत. आपल्या मुलांचं तर शाळेतलं वाचन हिंदी-इंग्रजीत. हिंदीत ‘खाकर’, ‘रखकर’. हा पेच तिथे पडतच नाही. वर ‘गुरु’, ‘वस्तु’ अशी ऱ्हस्व अखेर बघून सवय झालेली, म्हणून ‘करू’चं ‘करु’ होतं.

डच बोलणाऱ्या मुलांचीही हीच अडचण आहे. ‘होणे’ या अर्थाच्या त्यांच्या क्रियापदाची ‘मी’ची आणि ‘तो’ची रूपं उच्चारात सारखी, लिहिताना एकाच्या शेवटी डी, दुसऱ्याच्या शेवटी डीटी. नियम अगदी सोपा. तरीही तो पक्का ठाऊक असलेलेसुद्धा चुकतात. बेल्जियममधल्या अँटवर्पचे भाषासंशोधक डॉमिनिक सांद्रा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये त्याचं कारण दाखवून दिलं: नियम लावायला क्षणभर थांबावं लागतं, आणि तेवढ्यात जे रूप जास्त वापरातलं, तेच हातून उतरतं. म्हणून तिथे मुलांना सांगतात, त्या जागी ‘चालणे’ हे क्रियापद घालून बघा. त्यात शेवटचा टी स्पष्ट ऐकू येतो.

आपल्याला तर दुसरं क्रियापदही शोधायला नको. त्याच क्रियापदाची आज्ञा करायची. ‘जेव’, ‘ठेव’, ‘धाव’, ‘पाठव’: व ऐकू आला, म्हणजे धातूतच आहे, लिहा जेवून, ठेवून, धावून, पाठवून. ‘ये’, ‘जा’, ‘खा’, ‘घे’: व नाही, लिहा येऊन, जाऊन, खाऊन, घेऊन. इथे आपली मुलं मुळीच मागे नाहीत. ‘इकडे ये’, ‘आधी जेव’, ‘दप्तर जागेवर ठेव’ हे आजीकडून त्यांनी दिवसभर मराठीतच ऐकलेलं असतं. म्हणून पालकांना माझी विनंती आहे, वहीत लाल खूण करण्याआधी मुलाला ती आज्ञा एकदा मोठ्यानं म्हणायला लावा.

‘करू’, ‘बसू’, ‘लिहू’ यांना ही युक्ती लागू पडत नाही. तिथला शेवटचा उकार दीर्घ, हे लिहून लिहूनच हाताला वळण लावावं लागतं.